जुनं सोन्याचं मनगटी घड्याळ घेताना: आधी मागचं झाकण उघडा

ऑक्टोबर २०२५ मध्ये सोन्याच्या आंतरराष्ट्रीय भावाने एका औंसाला ४,००० डॉलरचा टप्पा पहिल्यांदाच ओलांडला. भाव असा चढला की घराघरांतली जुनी सोन्याची घड्याळं बाहेर येतात. काही विकायला येतात, काही थेट मुशीत जातात. जानेवारी १९८० मध्येही भाव ८५० डॉलरपर्यंत चढला होता. त्या काळात सोन्याच्या कितीतरी केस वितळवल्या गेल्या आणि आतली चांगली यंत्रं उघडी पडली. ती पुढे मिळेल त्या केसमध्ये बसवून विकली गेली. अशी जुळवाजुळव केलेली घड्याळं आजही बाजारात फिरतात, आणि पहिल्यांदा घेणाऱ्याच्या पदरात बहुतेकदा तीच पडतात.

सोनं तपासणं तसं सोपं आहे, घड्याळ तपासणं त्याहून अवघड. ग्राहक फसतो तो या दोहोंच्या सांध्यात. घड्याळ न जाणणाऱ्याला सोन्याचं मोल सांगितलं जातं आणि सोनं न जाणणाऱ्याला घड्याळाचं. म्हणून दोन्ही हिशेब आधी वेगवेगळे मांडायचे.

## आधी चार शब्द

केस म्हणजे यंत्र सांभाळणारी धातूची डबी. पट्टा जिथे अडकतो ते तिचे चार पाय म्हणजे लग. चावी देण्याचं गोल बटण म्हणजे क्राउन. आणि आतलं यंत्र म्हणजे मूव्हमेंट. पुढे त्याला नुसतं यंत्रच म्हणू. बाकी डायल, काटे, काच हे सगळ्यांच्या ओळखीचं आहे.

शुद्ध सोनं २४ कॅरेटचं. ते इतकं मऊ असतं की त्याची केस रोजच्या वापरात टिकणार नाही, म्हणून त्यात तांबं, चांदी असे धातू मिसळतात. १८ कॅरेट म्हणजे हजारात ७५० भाग सोनं, १४ कॅरेट म्हणजे ५८५, ९ कॅरेट म्हणजे ३७५. केसवर ७५०, ५८५, ३७५ असे आकडे दिसतात ते हेच. सोव्हिएत काळातल्या घड्याळांवर ५८३ दिसतं. तेही १४ कॅरेटच.

## ‘गोल्ड’ लिहिलंय, मग सोन्याचंच ना?

नाही. पहिली ठेच इथेच लागते, म्हणून इथे जरा थांबू.

सोनेरी दिसणारी केस तीन प्रकारची असते. पहिली भरीव सोन्याची. दुसरी पितळ किंवा पोलादाच्या पत्र्यावर सोन्याचा पातळ पत्रा उष्णतेने आणि दाबाने चिकटवलेली. तिच्यावर ‘गोल्ड फिल्ड’ किंवा ‘रोल्ड गोल्ड’ असं लिहिलेलं असतं, कधी नुसती ‘जी.एफ.’ किंवा ‘आर.जी.पी.’ अशी अक्षरं. तिसरी मुलाम्याची, म्हणजे विजेच्या साहाय्याने सोन्याचा थर चढवलेली. तिच्यावर ‘प्लाके ऑर’ हे फ्रेंच शब्द किंवा १०, २०, ४० असा मायक्रॉनचा आकडा असतो. २० मायक्रॉन म्हणजे एका मिलिमीटरचा पन्नासावा भाग, आपल्या डोक्यावरच्या केसाहूनही बारीक.

गंमत अशी की ‘१० कॅरेट गोल्ड फिल्ड’ या ओळीतला ‘१० कॅरेट’ खराच असतो, पण तो फक्त वरच्या पत्र्याचा. करंजीच्या पारीवरून आतलं सारण कळत नाही, तसंच हे. जुन्या धातूच्या पट्ट्यांवर ‘१/२० १२ के जी.एफ.’ असं कोरलेलं सापडतं. त्याचा अर्थ, पट्ट्याच्या वजनाचा विसावा भाग १२ कॅरेट सोन्याचा. २० ग्रॅमचा पट्टा असेल तर १ ग्रॅम १२ कॅरेट, म्हणजे अर्धा ग्रॅम शुद्ध सोनं.

सोव्हिएत घड्याळांवर ‘एयू २०’ असतं. एयू ही सोन्याची रासायनिक खूण, म्हणून लोकांना ते सोन्याचं वाटतं. प्रत्यक्षात तो २० मायक्रॉनचा मुलामा असतो. जुन्या अमेरिकी केसमध्ये ‘२० वर्षं हमी’, ‘२५ वर्षं हमी’ अशा अर्थाचे शब्द सापडले, तर ती हमी वरचा थर झिजायला लागणाऱ्या वर्षांची. भरीव सोन्याला वर्षांची हमी कशाला लागेल? आणि मागच्या झाकणावर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ किंवा फ्रेंचमध्ये ‘फाँ आसिए इनॉक्सिडाब्ल’ लिहिलेलं असेल, तर पुढचा भाग बहुतेक वेळा मुलाम्याचा किंवा पत्र्याचा निघतो.

गोल्ड फिल्ड घड्याळ वाईट नसतं. त्यातली कित्येक यंत्रं उत्तम आहेत. फक्त त्याचे पैसे सोन्याच्या हिशेबाने मोजायचे नाहीत.

## खुणा कुठे शोधायच्या आणि कशा वाचायच्या

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. मागचं झाकण घड्याळजीकडून उघडून घ्या. स्वतः चाकूच्या टोकाने उचकटू नका. टोक घसरलं की सोन्यावर कायमचा ओरखडा राहतो. झाकण दाबून बसणारं, आट्यांचं किंवा बिजागरीचं असतं. काही केसमध्ये मागे झाकणच नसतं, यंत्र काच काढून पुढून निघतं.

स्वित्झर्लंडच्या १८ कॅरेट केसवर शतकाहून जास्त काळ हेल्वेशिया या स्त्रीप्रतिमेचं डोकं अधिकृत छाप म्हणून उमटवत असत, आणि १४ कॅरेटवर खार. १९९५ पासून दोन्हींच्या जागी सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं आलं. त्यामुळे ‘१९५८ चं’ म्हणून दाखवलेल्या घड्याळावर कुत्र्याचं डोकं दिसलं, तर ती केस निदान तेवढी जुनी नाही हे तिथल्या तिथे कळतं. चावीच्या आकृतीत आकडा असेल तर तो जिनिव्हातल्या केस बनवणाऱ्याचा क्रमांक. फ्रान्समध्ये १८ कॅरेटवर गरुडाचं डोकं आणि बाहेरून आलेल्या सोन्यावर घुबड असतं. ब्रिटनची पद्धत ग्राहकाच्या सगळ्यात सोयीची: तिथे छापांच्या ओळीत एक अक्षर वर्ष सांगतं. १९०७ पासून बाहेरून येणाऱ्या केसनाही तिथे तपासून छाप घेणं सक्तीचं झालं, त्यामुळे ब्रिटिश छापाच्या केसचं वर्ष बहुधा नेमकं काढता येतं.

छाप एकाच ठिकाणी पाहून थांबू नका. मागचं झाकण एक भाग, मधली कडी दुसरा, काचेभोवतीची कडा कधीकधी तिसरा. झाकण अस्सल १८ कॅरेटचं आणि मधली कडी मुलाम्याची, अशी जोडी लावणं अवघड नसतं. म्हणून प्रत्येक भागाची खूण स्वतंत्र शोधा. लगांच्या मागच्या बाजूला किंवा कडेला बारीक छाप असतो, तोही पाहा. बऱ्याच केसमध्ये झाकणावरच्या क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे मधल्या कडीवरही आतून कोरलेले असतात. ते जुळले तर झाकण आणि कडी जन्मापासून एकत्र आहेत, यावर बऱ्यापैकी विश्वास ठेवता येतो.

आणि हेल्वेशिया नाही म्हणजे खोटं, असंही नाही. स्विस यंत्रं अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये नेऊन तिथेच बनलेल्या केसमध्ये बसवण्याची पद्धत होती. आयातकर वाचवणं हे त्यामागचं मोठं कारण. ओमेगाची कित्येक घड्याळं बर्मिंगहॅमच्या डेनिसन कारखान्याच्या ९ कॅरेट केसमध्ये सापडतात आणि ती पूर्णपणे अस्सल असतात.

## छापही खोटा मारता येतो, मग सोनं कसं ओळखायचं?

छाप हा साक्षीदार आहे. त्याची उलटतपासणी घ्यावी लागते.

सगळ्यात सोपी तपासणी झिजेची. मुलामा आधी कुठे जातो? लगांच्या टोकांवर, झाकणाच्या कडेला, क्राउनजवळ, पट्टा घासतो तिथे. या जागा भिंगाखाली पाहा. सोनेरी रंगाखालून पांढरट किंवा वेगळ्या छटेचा पिवळा धातू डोकावत असेल, तर उत्तर मिळालं. सांध्यात हिरवट कळंक दिसला तर खाली पितळ असण्याची शक्यता मोठी. घाई मात्र नको: ९ आणि १४ कॅरेटमध्ये तांब्याचं प्रमाण बरंच असतं, त्यामुळे घामाने तेही काळवंडतं. फरक असा की भरीव सोन्यावरचा डाग पुसला की खाली तोच रंग असतो. मुलाम्याखाली दुसराच धातू निघतो.

सोनार कसोटीच्या दगडावर रेघ ओढून आम्लाने कस लावतो. ही पद्धत विश्वासार्ह आहे, पण रेघ बाहेरून दिसणार नाही अशा जागी, म्हणजे लगाच्या आतल्या बाजूला किंवा झाकणाच्या आतल्या कडेला घ्यायला सांगा. यंत्र आत असताना आम्ल जवळही नको. क्ष-किरणांनी धातू ओळखणारं यंत्र केसला धक्का न लावता टक्केवारी सांगतं. पण त्याला वरचे काही मायक्रॉनच दिसतात. जाड थर असेल तर ते त्यालाच सोनं समजून भरघोस आकडा दाखवतं. म्हणून एकाच जागी न मोजता झिजलेल्या कडेवर, झाकणाच्या आतून आणि लगाच्या टोकावर अशा तीनचार जागी मोजायला सांगा. आकडे एकमेकांजवळ राहिले तर धातू आतपर्यंत एकच आहे.

घनतेची चाचणी फक्त रिकाम्या केसवर होते. यंत्र, काच, क्राउन, डायल सगळं काढून नुसती केस आधी हवेत तोलायची, मग दोऱ्याने पाण्यात सोडून तोलायची. हवेतल्या वजनाला दोन वजनांमधल्या फरकाने भागलं की घनता. १८ कॅरेट पिवळं सोनं १५ ते १५.६ च्या आसपास येतं, १४ कॅरेट १३ च्या आसपास, ९ कॅरेट ११ च्या आसपास, पितळ साधारण ८.५, पोलाद ७.९. पोलादावर सोन्याचा थर कितीही सुबक चढवला, तरी हा आकडा लपत नाही.

लोहचुंबक लावून पाहायचा मोह आवरा. पितळही चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे कळत काहीच नाही, उलट यंत्रातली केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकित होते. तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळायला लागतं.

## ‘घड्याळ ३५ ग्रॅमचं आहे’

हे वाक्य ऐकलं की वही काढा. ३५ ग्रॅम हे काच, डायल, यंत्र, आतली पितळी कडी, कधी चामडी पट्टा आणि बकलसकट वजन असतं. सोनं फक्त केसमध्ये. ३३-३५ मिलिमीटर व्यासाच्या सडपातळ घड्याळाची रिकामी केस १० ते १२ ग्रॅमचीही असू शकते. ११ ग्रॅमची १८ कॅरेट केस म्हणजे ११ गुणिले ०.७५, सव्वाआठ ग्रॅम शुद्ध सोनं. तीच १४ कॅरेटची असेल तर साडेसहा ग्रॅमपेक्षा किंचित कमी. जुन्या घड्याळांमध्ये मागच्या झाकणाच्या आत धूळ अडवणारं दुसरं झाकण असतं. ते बऱ्याचदा साध्या धातूचं असतं. त्याचं वजन वजा करा.

१९४० आणि १९५० च्या दशकांत ‘क्रोनोग्राफ सुइस’ असं डायलवर लिहिलेली स्टॉपवॉचची मोठी सोनेरी घड्याळं पुष्कळ निघाली. त्यांच्यावर १८ कॅरेटचा छाप असतो आणि तो खराही असतो. पण सोन्याचा पत्रा इतका पातळ ठोकलेला असतो की बोटाने दाबला तर झाकण दबतं. लग पोकळ, आतून आधाराला साध्या धातूची कडी. लांबून दिसायला भारदस्त, तोलायला हलकं. अशा केसला पोचा पडला की तो काढताना पत्रा फाटतो. ती घेताना ‘१८ कॅरेट’ या शब्दांपेक्षा रिकाम्या केसचं वजन विचारा.

सोन्याचा पट्टा असेल तर हिशेब उलटा होतो: बऱ्याचदा केसपेक्षा पट्ट्यातच जास्त सोनं असतं. पट्टा आडवा धरा. खाली झोळीसारखा लोंबला तर कड्या आणि पिना झिजल्या आहेत. जाळीसारख्या विणलेल्या पट्ट्याची झीज दुरुस्त करणं फार कठीण. पट्टा तुमच्या मनगटाला आधी घालून पाहा. जुन्या पट्ट्यांतून कड्या काढलेल्या असतात आणि तशीच कडी परत मिळणं दुर्मीळ. बकलवरही वेगळा छाप पाहा. सोन्याचं बकल काढून मुलाम्याचं लावणं हा अगदी दोन मिनिटांचा उद्योग आहे.

## चकाकी हाच दोष

नवखा माणूस आरशासारखी चमकणारी केस पाहून खूश होतो. जाणकार तिथेच सावध होतो. सोनं मऊ आहे. प्रत्येक पॉलिश म्हणजे थोडं सोनं घासून उडवणं. चारपाच वेळा पॉलिश झालेल्या केसच्या लगांच्या धारा गोल होतात, चारही लगांची जाडी सारखी राहत नाही, छाप पुसट होतो. लगांना आरपार भोकं असतील, तर झिजलेल्या लगात ती कडेच्या जवळ सरकल्यासारखी दिसतात, कारण कडाच आत आलेली असते. जेवढी धार शिल्लक, तेवढी केस मूळ. बारीक ओरखडे असलेली पण धारदार केस, चकचकीत पण साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झालेल्या केसपेक्षा नेहमीच चांगली.

झाळलेल्या जागा शोधा. लगाच्या मुळाशी वेगळ्या छटेची रेघ, फुगीर ठिपका किंवा बारीक भोकं दिसली तर तिथे दुरुस्ती झाली आहे. सोन्याने झाळली असेल तर चालू शकतं. कुणी शिसं-कथिलाने झाळली असेल, तर पांढरट डाग दिसतो आणि तो धातू सोन्यात शिरून ते ठिसूळ करतो. पुढे सोनार तापवायला गेला तर लगच तुटून येतो. अशी केस घेऊ नये, मग तिचं वजन कितीही असो.

## ‘चालू आहे’ एवढं पुरेसं नाही

कानाला लावलं आणि टिकटिक ऐकू आली, यावर जुन्या घड्याळाचा व्यवहार होऊ नये. तेल वाळलेलं असतानाही घड्याळ चालतं. पण त्या वेळी दातांची आणि टोकांची झीज होत असते.

आधी चावी द्या. क्राउन एकसारखा, हलक्या टकटक आवाजात फिरला पाहिजे. करकर किंवा मधेच सटकणं म्हणजे चावीच्या चाकांचे दात गेलेत. क्राउन ओढून काटे दोन्ही दिशांनी फिरवा. ते ढिले पडत असतील तर मिनिटाच्या काट्याची पकड गेली आहे, आणि वेळ बरोबर लावली तरी ती मागे पडत राहील. चावी भरल्यावर साधारण ३६ ते ४० तास चाललं तर मुख्य स्प्रिंग ठीक.

मग घड्याळजीकडच्या टाइमग्राफर यंत्रावर ठेवायला सांगा. ते टिकटिक ऐकून तीन आकडे देतं. दिवसाला किती सेकंद पुढे-मागे: जुन्या घड्याळात १५-२० सेकंद उत्तम. दुसरा आकडा बॅलन्स चाकाच्या, म्हणजे मागेपुढे डोलत वेळ राखणाऱ्या चाकाच्या झोक्याचा, अंशांत: पूर्ण चावीवर, डायल वर असताना २७० ते ३०० उत्तम, २२० च्या खाली गेला तर सर्व्हिसिंग किंवा दुरुस्ती ठरलेली. हा आकडा बरोबर येण्यासाठी घड्याळातल्या यंत्राचा ‘लिफ्ट अँगल’, म्हणजे यंत्रागणिक बदलणारं एक कोनाचं माप, टाइमग्राफरमध्ये आधी भरावं लागतं. नुसता नेहमीचा ५२ ठेवला तर काही यंत्रांत चुकीचा आकडा येतो. तिसरा, टिक आणि टॉकमधल्या अंतराचा फरक: एक मिलिसेकंदाच्या आत असावा. घड्याळ आडवं आणि उभं ठेवून दोन्ही मोजा. पाळणा एका बाजूला धरला की अडखळतो, तसं कुठल्या तरी एका स्थितीत झोका अचानक पडला, तर बॅलन्सच्या दांड्याचं टोक वाकलंय किंवा झिजलंय. १९३० च्या दशकाआधीच्या बहुतेक यंत्रांत धक्का झेलणारी व्यवस्था नसते. तिथे हा दांडा एका पडण्याने मोडतो आणि योग्य मापाचा शोधावा लागतो.

उघड्या यंत्रात डोळ्यांनीही बरंच दिसतं. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतील तर अनाडी हात लागले आहेत. क्राउनच्या दांड्याजवळ गंज असेल तर पाणी शिरलं होतं. झाकणाच्या आत सुईने कोरलेल्या बारीक खुणा आणि तारखा दिसल्या तर आनंद माना. त्या जुन्या घड्याळजींच्या सर्व्हिसिंगच्या नोंदी असतात. ‘सतरा माणकांचं यंत्र आहे’ असं कुणी सांगितलं, तर ते सांगणं खरं असतं, पण ती माणकं कृत्रिम असतात आणि घर्षण कमी करायला बसवलेली असतात. त्यांना दागिन्याचं मोल नाही.

सेकंदाचा काटा दर सेकंदाला एकच उडी मारत असेल, तर ते जवळजवळ नक्की क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर चालणारं आहे. साध्या चावीच्या घड्याळात तो सेकंदाला पाच ते आठ बारीक पावलं टाकतो. सोन्याच्या केसमध्ये मूळ यंत्र काढून स्वस्त क्वार्ट्झ बसवलेलीही सापडतात. १९६० साली आलेल्या अ‍ॅक्युट्रॉनसारखी घड्याळं मात्र वेगळीच. त्यांत सेकंदाला ३६० वेळा थरथरणारा चिमट्यासारखा स्वरकाटा (ट्यूनिंग फोर्क) असतो आणि टिकटिकीऐवजी बारीक गुणगुण ऐकू येते. ती १.३५ व्होल्टच्या पारा-बॅटरीसाठी बनली होती, आजच्या १.५५ व्होल्टवर नीट चालायला जुळवणी लागते. ती जाणणारा कारागीर आधी शोधा, मग घड्याळ.

## डायल: किंमत इथे ठरते

संग्राहक एकाच नमुन्याच्या दोन घड्याळांना वेगवेगळे पैसे देतात, त्याचं कारण बहुतेकदा डायल. मूळ डायलवर वयाचे ठिपके, पिवळेपणा असतो. पुन्हा रंगवलेली डायल नव्यासारखी दिसते, पण भिंगाखाली उघडी पडते: अक्षरांच्या कडा थरथरत्या, जाडी कमीजास्त, सेकंदाच्या छोट्या वर्तुळावर आलेली रेघ चुकीच्या जागी, सहाच्या खाली असायला हवं ते ‘स्विस मेड’ गायब किंवा मध्यापासून सरकलेलं.

‘पण सुंदर दिसते की, बिघडलं काय?’ घालायला काहीच बिघडलं नाही. मात्र मूळ छपाई परत आणता येत नाही, म्हणून मूळ डायलचे पैसे तिला देऊ नयेत. काटेही तपासा: मिनिटाचा काटा मिनिटांच्या रेषेपर्यंत पोचायला हवा. आखूड किंवा लांब असेल तर तो दुसऱ्या घड्याळाचा.

अंकांवर अंधारात चमकणारा लेप असेल तर जरा जपून. १९६० च्या दशकापर्यंत त्यात रेडियम असे. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं. लेप आता चमकत नाही म्हणजे किरणोत्सार संपला, असं नाही. त्यातलं चमकणारं रसायन जळून गेलंय, रेडियम तसंच आहे. काचेआड असताना घालणाऱ्याचा धोका कमी, पण उघडून खरवडल्यास धूळ श्वासात जाते. डायलच्या तळाशी ‘स्विस’च्या दोन्ही बाजूंना इंग्रजी टी असेल तर तो ट्रिटियमचा लेप, अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षं, त्याची चमक आता जवळजवळ विझलेली असते.

## सगळे भाग एकमेकांचे आहेत का?

२०२१ मध्ये जिनिव्हाच्या एका लिलावात ओमेगाचं पोलादी स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकहून जास्त किमतीला गेलं. २०२३ मध्ये खुद्द ओमेगाने जाहीर केलं की ते वेगवेगळ्या घड्याळांच्या भागांतून जुळवलेलं होतं. ज्या व्यवहारात इतके तज्ज्ञ डोळे होते तिथे हे घडलं. मग आपण एका डबीवर आणि कागदावर किती विसंबायचं? डबी आणि कागद वेगळे विकत मिळतात.

म्हणून वर्षं जुळवा. यंत्रावरच्या अनुक्रमांकावरून बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या घड्याळांचं अंदाजे वर्ष निघतं. केसच्या छापावरून दुसरं वर्ष निघतं. झाकणाच्या आत नमुन्याचा क्रमांक असतो. त्या नमुन्यात कोणतं यंत्र बसत होतं हे शोधता येतं. दोन्ही वर्षांत एखाद-दोन वर्षांचा फरक स्वाभाविक आहे, कारण यंत्रं बनून पडून राहत. दहा वर्षांचा फरक असेल तर लग्न दुसऱ्यांदा लागलेलं आहे. यंत्र केसमध्ये डुगडुगत असेल, कागदाची किंवा पत्र्याची घडी घालून बसवलं असेल, किंवा क्राउनचा दांडा केसच्या भोकाच्या मधोमध येत नसेल, तर संशयाला जागा उरत नाही. लाँजिन, पॅटेक फिलिपसारख्या काही कंपन्या जुन्या वह्यांमधून त्या क्रमांकाच्या घड्याळाची नोंद काढून देतात. त्या नोंदीत केसचा धातू ‘पोलाद’ असेल आणि तुमच्या हातात सोनं, तर काय झालंय ते उघड आहे.

## पैसे देताना आणि दिल्यावर

पावतीवर केसचं कॅरेट, रिकाम्या केसचं वजन, यंत्राचा नमुना, यंत्र आणि केसचे दोन्ही क्रमांक, डायल मूळ की रंगवलेली, आणि किती दिवसांत परत घेणार, हे लिहून घ्या. विकणारा झाकण उघडायला नकार देत असेल तर व्यवहार तिथेच थांबवा. ‘उघडलं तर पाणी शिरेल’ हे कारण चालणार नाही; जुन्या घड्याळाला पाण्यापासून संरक्षण नाहीच असं धरून चालायचं, झाकण उघडलेलं असो वा नसो.

घेतल्यावर लगेच रोज घालायला सुरुवात करू नका. आधी सर्व्हिसिंग. घड्याळजीला तीन गोष्टी लिहून द्या: केस पॉलिश करायची नाही, डायलला कुठलंही द्रव लावायचं नाही, आणि बदललेला प्रत्येक भाग, अगदी मोडका स्क्रू आणि जुना क्राउनसुद्धा, छोट्या पुडीत घालून परत द्यायचा. जुना क्राउन झिजला म्हणून काढला तरी त्यावरचं चिन्ह मूळ असतं, आणि तो घड्याळासोबतच राहिला पाहिजे.